बापाने दिलेला संघ

अमेरिकेतल्या डॅनबरी शहरात जेम्स गॅलांटे या कचरा उचलण्याच्या धंद्यातल्या बड्या असामीने २००४ साली आइस हॉकीचा संघ काढला आणि सतरा वर्षांच्या मुलाच्या, ए. जे.च्या हाती सोपवला. नाव ‘ट्रॅशर्स’, म्हणजे कचरेवालेच! मारामारी करणारे खेळाडू मुद्दाम निवडले, प्रेक्षक खूश. २००६ मध्ये बापाला अटक झाली आणि संघ संपला.

२०२१ साली यावर नेटफ्लिक्सचा माहितीपट आला. आता बापलेकांच्या प्रेमाची गोष्ट म्हणून लोक ती चवीने सांगतात. मला ते पटत नाही. सतरा वर्षांची पोरे मी रोज पाहतो, त्यामुळे मुलाला मी दोष देणार नाही. त्याच्यावर खटलाही नव्हता. पण पैसा कुठून येत होता? कचरा कंपन्यांनी एकमेकांची गिऱ्हाइके घ्यायची नाहीत असे संगनमत केले होते, म्हणून बिले फुगत. पगाराची मर्यादा चुकवायला खेळाडूंना त्याच कंपन्यांत नावापुरत्या नोकऱ्या दाखवल्या जात. म्हणजे मुलाच्या हौसेचा खर्च ती बिले भरणारे करत होते, त्यांनी हॉकी कधी पाहिली असो वा नसो. गॅलांटेने २००८ मध्ये गुन्हा कबूल केला. ८७ महिन्यांची कैद झाली, पंचवीस कंपन्यांवरचा हक्क गेला.