मुलाखतीची पूर्वतयारी

कुंभकोणमजवळील तिरुविसनल्लूर हा गाव 1693 मध्ये तंजावरच्या शहाजीराजांनी विद्वानांना अग्रहार म्हणून दिला. विद्येची अशी कदर झालेल्या या परिसरातच श्रीनिवास रामानुजन वाढले. परंतु पदवी नसल्याने त्यांना नोकरी मिळेना. 1910 च्या सुमारास आपली गणिताची वही घेऊन ते जिल्हाधिकारी रामचंद्र राव यांना भेटले. रावांना प्रथम काहीच उमगले नाही. तेव्हा रामानुजनांनी आधी सोपे सिद्धांत दाखविले व पायरीपायरीने त्यांना अवघडाकडे नेले. रावांची खात्री पटली व त्यांनी साहाय्य केले.

संगणकक्षेत्रातील मुलाखतीस जाणाऱ्या तरुणांनीही प्रमाणपत्रांसोबत स्वतः केलेले काम न्यावे. आणि आदल्या दिवशी ते घरातील वडीलधाऱ्यांना समजेल अशा शब्दांत सांगून पाहावे.