घरकुल मंजूर, जागा मात्र जंगलाची!

२०२५ च्या मे महिन्यात दोन दिवसांच्या अंतराने दोन निर्णय झाले. २० मे रोजी राज्य मंत्रिमंडळाने नवे गृहनिर्माण धोरण मंजूर केले. 'माझे घर, माझे अधिकार' हे त्याचे ब्रीद. २००७ नंतर तब्बल १८ वर्षांनी आलेले हे धोरण. २०३० पर्यंत दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी ३५ लाख घरे आणि ७० हजार कोटींची गुंतवणूक, अशी त्यातील घोषणा. २२ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने पूर्व विदर्भातील झुडपी जंगलाच्या जमिनींबाबत निकाल दिला. सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांचे ते खंडपीठ. हे दोन निर्णय एकत्र वाचण्याची तसदी कोणी घेतलेली दिसत नाही. आम्ही ती येथे घेतो, कारण नवेगाव बांध परिसरातील आमच्या माणसाचे घर नेमके या दोन कागदांच्या मधल्या फटीत अडकलेले आहे.

आमच्याकडे कागद घेऊन येणाऱ्यांची तक्रार एकाच साच्याची असते. कुडाच्या भिंती, वर कवेलू, पावसाळ्यात अर्धे घर ओले. घरकुलाच्या यादीत नाव लागते. घरात आनंद होतो, उसनवारीने विटाही येऊन पडतात. मग कार्यालयातून निरोप येतो, जागेचा उतारा आणा. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर आजोबांपासून नाव आहे, घरपट्टीच्या पावत्या आहेत, विजेचे बिल आहे. पण जमिनीच्या उताऱ्यावर शेरा निघतो, 'झुडपी जंगल'! त्या जागेत झुडूप शोधूनही सापडणार नाही. तेथे समाजमंदिर आहे, अंगणवाडी आहे, हातपंप आहे, पंचशील ध्वज आहे. कागदावर मात्र जंगल.

हे जंगल आले कोठून? पूर्व विदर्भ १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. मालगुजारीच्या काळात गावाच्या चराईसाठी, सरपणासाठी, निस्तारासाठी राखलेल्या झुडपांच्या पडीक जमिनी महसुली दफ्तरात 'झुडपी जंगल' म्हणून नोंदल्या गेल्या. राज्य पुनर्रचनेनंतर त्या नोंदी दुरुस्त व्हायला हव्या होत्या, त्या झाल्या नाहीत. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या सहा जिल्ह्यांत अशा जमिनींवर घरे, शाळा, कार्यालये, स्मशाने उभी राहिली. २५ ऑक्टोबर १९८० ला वनसंवर्धन कायदा आला. १२ डिसेंबर १९९६ ला गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सरकारी दफ्तरात जे जंगल म्हणून नोंदले आहे ते मालकी कोणाचीही असो, जंगलच. कारकुनाच्या आळसाने राहिलेला शब्द त्या दिवशी कायदा होऊन बसला.

आता २०२५ चा निकाल काय म्हणतो ते नीट पाहू. झुडपी जंगल ही वनजमीनच, हे न्यायालयाने मान्य केले. मात्र अपवाद म्हणून, १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने वाटप केलेल्या जमिनी वनक्षेत्राच्या यादीतून वगळण्यासाठी राज्याने जिल्हानिहाय एकत्रित प्रस्ताव केंद्राकडे पाठवावा, आणि केंद्राने त्यावर पर्यायी वनीकरणाची वा नक्त वर्तमान मूल्याची अट घालू नये, असे सांगितले. अशा जमिनीचा वापर पुढे बदलता येणार नाही व ती केवळ वारसानेच हस्तांतरित होईल. १९९६ नंतरचे वाटप असेल, तर ते का झाले याची कारणे व ते करणाऱ्या अधिकाऱ्यांची नावे राज्याने द्यावयाची आहेत. आणि अतिक्रमणे दोन वर्षांत हटविण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कृती दल नेमावयाचे आहे.

निकालात राहत्या घरांविषयी कणव आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पण आमची काळजी 'सक्षम अधिकाऱ्याने वाटप केलेल्या' या शब्दांपाशी सुरू होते. ज्यांना कचेरीची पायरी माहीत होती, त्यांच्याकडे वाटपाचा हुकूम आहे. आमच्या आजोबाला कोणत्या तहसीलदाराने हुकूम लिहून दिला होता? गावाने त्याला गावठाणाबाहेर राहायला लावले आणि गावठाणाबाहेर होती झुडपी जमीन. म्हणजे अस्पृश्यतेने जी जागा दिली, तीच आज अतिक्रमण! हा केवळ महसुली तपशील नाही.

राज्य सरकार म्हणेल, आम्ही तर नियमितीकरणाचे धोरण आणले. आणले खरे. १ जानेवारी २०११ पूर्वीची ग्रामीण निवासी अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण २०१८ मध्ये आले. पण वनजमिनीला ते लागू होत नाही. २०२० पासूनच्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झाली, ती गावठाणाची. जागा विकत घेण्यासाठी पंडित दीनदयाळ योजनेत अर्थसाहाय्य आहे, पण ज्याचे घर उभे आहे त्याने दुसरी जागा का विकत घ्यावी? प्रधानमंत्री आवास योजनेत २०१६ मध्ये सपाट भागासाठी १ लाख २० हजार व नक्षलग्रस्त जिल्ह्यांसाठी १ लाख ३० हजार रुपये ठरले, २०२५ मध्ये राज्याने त्यात ५० हजारांची भर घातली, शिवाय ५ ब्रास वाळू मोफत म्हणून जाहीर केली. प्रत्येक योजना आमच्या उंबरठ्यापर्यंत येते आणि सातबारा पाहून परत जाते.

मुंबईत झोपडीधारकाला कायद्याने 'पात्र' ठरण्याची तारीख आहे. १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा असेल तर त्याला मोफत घर मिळते. ती तारीख त्याला लढून मिळाली, त्याचा आम्हाला हेवा नाही. पण तीन पिढ्या एकाच सांदवाडीत राहिलेल्या खेड्यातील बौद्धाला अशी एकही तारीख का नसावी? नव्या धोरणात शासकीय जमिनींची राज्यव्यापी बँक करण्याची तरतूद आहे. विकासकांसाठी जमीन शोधायला सरकारकडे माणसे आहेत. वस्तीखालच्या जमिनीचा शेरा दुरुस्त करायला नाहीत.

सरकारने ठरविले तर काय होते, हे पाहायला मुंबईला जायचीही गरज नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यातच प्रतापगड-गोठणगावकडे १९७२ मध्ये तिबेटी निर्वासितांची नॉर्गेलिंग वसाहत वसविली गेली. परदेशातून आलेल्या त्या धम्मबांधवांना जमीन मिळाली, शेती मिळाली, याचा आम्हाला आनंदच आहे. फक्त त्याच तालुक्यातला, पिढ्यान्‌पिढ्या धानाच्या बांधीत राबणारा बौद्ध अतिक्रमणधारक कसा, हे कोणीतरी समजावून सांगावे. हा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातीसाठी राखीव आहे. त्याने राज्याला सामाजिक न्यायमंत्रीही दिला. तेव्हा आमचे प्रतिनिधित्व नव्हते, असेही म्हणता येत नाही.

वकील म्हणून आम्हाला दोन वाटा दिसतात. पहिली इंदिरा आवासची. १९८५ पासून ही योजना प्रथम अनुसूचित जाती-जमातींसाठीच होती. सरकारने स्वतः मंजुरी देऊन, पैसे देऊन, अधिकाऱ्याने पाहणी करून ज्या जागेवर १९९६ पूर्वी घरकुल बांधून दिले, ते सक्षम अधिकाऱ्याचे वाटप नाही तर काय? त्या मंजुरी आदेशांच्या प्रती पंचायत समितीच्या दफ्तरातून माहितीच्या अधिकारात काढाव्यात आणि जिल्ह्याच्या एकत्रित प्रस्तावात ही घरे धरावीत, असा लेखी अर्ज जिल्हाधिकाऱ्यांना द्यावा.

दुसरी वाट वनहक्क कायद्याची. झुडपी जंगल वनजमीन ठरली असेल, तर २००६ चा वनहक्क कायदाही तेथे लागू झाला पाहिजे, असे आमचे मत आहे. सरकारला जमीन जंगल म्हणून हवी आणि जंगलात राहणाऱ्याचा हक्क नको, असे दोन्हीकडून चालणार नाही. या कायद्यातील वनजमिनीच्या व्याख्येत अवर्गीकृत आणि मानीव वनेही येतात. कलम ३(१)(क) मध्ये निवासासाठी जमीन धारण करण्याचा हक्क आहे. कलम ३(२) मध्ये शाळा, अंगणवाडी, रस्ते यांच्याबरोबर समाजमंदिरासाठीही एक हेक्टरच्या आत वनजमीन देता येते, हे आपल्या विहार समित्यांनी लक्षात ठेवावे. आणि कलम ४(५) सांगते, की दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही हटविता येत नाही. कृती दलाची नोटीस हातात पडल्यावर नव्हे, त्याआधी दावा दाखल असला तर या कलमाचा उपयोग.

अडचणही सांगितली पाहिजे. आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वी ७५ वर्षांचे वास्तव्य, म्हणजे १९३० पासूनचे, आणि वनावरील अवलंबन दाखवावे लागते. मोहफूल, तेंदूपाने, गुरे, सरपण यांतून अवलंबन दाखविता येईल. वास्तव्याचा कागद कोठून आणायचा? १९५४ मध्ये बाबासाहेब भंडारा लोकसभेची पोटनिवडणूक लढले. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते. ज्यांनी त्यांना मत दिले त्यांची नावे त्या काळच्या मतदार याद्यांत असतील. निस्तारपत्रके आहेत, शाळेचे जुने दाखले आहेत. जुन्या विहिरी, घरांची जोती, स्मशानाच्या जागा हा पुरावा नियमांना मान्य आहे. दावेदाराखेरीज गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही मान्य आहे.

याबाबत चळवळीनेही स्वतःकडे पाहावे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४-६५ मध्ये भूमिहीनांनी तुरुंग भरले. पडीक जमीन कसणाऱ्यांच्या नावे करा, ही मागणी होती. आज आमच्या निवेदनांत पुतळ्याच्या जागेचा गट क्रमांक अचूक असतो, वस्तीचा नसतो. एप्रिलमधील वर्गणीचा हिशेब ठेवणारा कार्यकर्ता तलाठ्याकडून सहा उतारे काढू शकत नाही, हे आम्ही मानायला तयार नाही.

राज्य सरकारकडे आमची मागणी एकच आहे. १९९६ पूर्वीच्या निवासी वस्त्या, वाटपाचा हुकूम असो वा नसो, नमुना ८ व घरपट्टीच्या नोंदींवरून केंद्राकडील प्रस्तावात घालाव्यात आणि तो प्रस्ताव जाण्यापूर्वी ग्रामसभेत वाचून दाखवावा. त्यात आपल्या टोलीचा गट क्रमांक आहे की नाही, हे प्रस्ताव गेल्यावर कळून उपयोग नाही.

नवेगाव बांध परिसरातील कार्यकर्त्यांनी सुरुवात जबाबांपासून करावी. ऐंशी-पंच्याऐंशीचे म्हातारे आजही वस्तीत बसलेले आहेत, आजा कोठे राहत होता, विहीर कोणी खोदली हे त्यांना तोंडपाठ आहे. ग्रामसभेच्या वनहक्क समितीपुढे त्यांचे जबाब या धानकापणीच्या आत लिहून घ्यावेत आणि दाव्याची पोच घेतल्याशिवाय उठू नये.