विद्यार्थ्याचा ठावठिकाणा

ऑनलाइन शिक्षणाच्या क्षेत्रांत अलीकडे एक नवी टूम निघाली आहे. विद्यार्थी काय शिकला हें विचारण्यापूर्वीं तो या क्षणीं कोठें बसला आहे हें विचारावयाचें, आणि उत्तर त्याच्या तोंडून न घेतां त्याच्या खिशांतील मोबाइलकडून घ्यावयाचें! आमच्या ओळखीचा एक तरुण उल्हासनगरच्या कॅम्प नंबर ३ मध्यें कापडाच्या दुकानांत नोकरी करतो व एका विद्यापीठाचा ऑनलाइन पदवी-अभ्यासक्रम करतो. दुपारीं गिऱ्हाईक कमी असतें तेव्हां गल्ल्यामागें बसून तो व्याख्यान ऐकतो. मालासाठीं मुंबईस जावें लागलें तर लोकलमध्यें ऐकतो. प्रवेशाच्या वेळीं दिलेला पत्ता व मोबाइलनें कळविलेलें ठिकाण जुळेना, म्हणून त्याच्या पुष्कळशा तासिका गैरहजेरींत जमा झाल्या. त्यानें आम्हांस विचारलें, "सर, मी ऐकलें तें खोटें का?" आमच्याजवळ उत्तर नव्हतें. ज्यांनीं हा नियम केला त्यांच्याजवळ असल्यास त्यांनीं तें द्यावें.

विरुद्ध पक्षाचें म्हणणें आम्ही डावलीत नाहीं. पदव्यांचीं दुकानें या देशानें पाहिलीं आहेत. छत्तीसगडमध्यें २००२ च्या कायद्याच्या आधारें शंभरावर खासगी विद्यापीठें निघालीं आणि प्रा. यशपाल यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं त्या कायद्याचा आधारच काढून घेतला. परंतु त्या प्रकरणांत ठावठिकाणा कोणाचा लागत नव्हता? विद्यापीठांचा, विद्यार्थ्यांचा नव्हे. त्यावरून विद्यार्थ्याच्या खिशांत पहारेकरी बसविणें म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळीं देणें होय.

आतां नियमच पाहूं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांत दूरस्थ अभ्यासक्रमांस प्रादेशिक मर्यादा आहे. राज्याच्या विद्यापीठानें ते आपल्या राज्यापुरतेच चालवावे, असा त्याचा आशय. तेथें विद्यार्थी कोणत्या राज्यांत राहतो हें एकदां विचारणें सयुक्तिक आहे. ऑनलाइन अभ्यासक्रमांस मात्र त्याच विनियमांनीं अशी मर्यादा घातलेली नाहीं. जेथें हद्दच नाहीं तेथें नाका कशास? ओळख पटविण्यासाठीं म्हणावें, तर २०२४-२५ पासून अशा अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांस आयोगाचा स्वतंत्र ओळखक्रमांक घेणें सक्तीचें झालेंच आहे. माणूस कोण हें ठरलें; मग तो कोणत्या गल्लींत बसून ऐकतो याच्याशीं त्याच्या ज्ञानाचा संबंध काय?

अमेरिकेचा दाखला पुढें केला जाईल. तेथें १ जुलै २०२० पासून ऑनलाइन विद्यार्थी कोणत्या राज्यांत आहे हें संस्थेनें ठरविलें पाहिजे, असा संघसरकारचा नियम आहे. पण त्यांतील भेद ध्यानांत घ्यावा. तें ठिकाण प्रवेशाच्या वेळीं ठरतें, व विद्यार्थ्यानें बदल कळविला म्हणजे पुन्हां ठरतें. माहिती लागते ती राज्यापुरती. आणि लागते ती संस्थेस त्या राज्याची परवानगी आहे कीं नाहीं, व त्या शिक्षणावर तेथें व्यवसायाचा परवाना मिळेल कीं नाहीं, हें कळावें म्हणून. तो जाच संस्थेवर आहे आणि लाभ विद्यार्थ्याचा आहे. आमच्या नकलाकारांनीं जाच विद्यार्थ्याकडे दिला आणि लाभ कोणाचा तें सांगितलेंच नाहीं.

विद्येनें अंतर ओलांडावें ही कल्पना कालची नव्हे. लंडन विद्यापीठानें १८५८ सालीं वैद्यक वगळतां इतर परीक्षा कॉलेजांत न गेलेल्या उमेदवारांसही खुल्या केल्या. १८५७ चें आमचें मुंबई विद्यापीठ त्याच लंडनच्या नमुन्यावर उभें राहिलें, आणि कराचीच्या डी. जे. सिंद कॉलेजांतील मुलें त्याची पदवी घेत. १९४७ नंतर सिंधमधून निघालेलीं कुटुंबें कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत उतरलीं; ८ ऑगस्ट १९४९ रोजीं त्या छावणीस उल्हासनगर हें नांव मिळालें. त्यांत जे पदवीधर होते त्यांचें घर गेलें, पत्ता गेला, गांव परक्या देशांत गेलें. पदवी तेवढी राहिली. पदवीची किंमत पत्त्यावर अवलंबून असती तर त्या माणसांच्या हातीं काय उरलें असतें? याच शहरांतील अनधिकृत इमारती नियमित करण्यासाठीं राज्य सरकारला २००६ मध्यें खास कायदा करावा लागला. जेथें इमारतींचाच पत्ता कायद्यानें सांवरावा लागला, तेथील दुकाननोकरास मोबाइलच्या ठिपक्यावरून अपात्र ठरविणें हा न्याय नव्हे.

आणि हा प्रश्न केवळ हजेरीचा नाहीं. सासरचा छळ चुकवून दुसऱ्या गांवीं राहणारी, आणि पदवी घेऊन पायांवर उभी राहूं पाहणारी एखादी स्त्री डोळ्यांपुढें आणा. तिच्या ठिकाणाची रोजची नोंद विद्यापीठाच्या, आणि विद्यापीठासाठीं काम करणाऱ्या कंपनीच्या, दप्तरांत पडून राहणार. ती फुटली तर जबाबदार कोण? सर्वोच्च न्यायालयानें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ च्या वैयक्तिक माहितीविषयक कायद्यानेंही, संमतीनें घ्यावयाची माहिती ठरलेल्या हेतूस आवश्यक तेवढीच असावी, असें तत्त्व घालून दिलें. 'परवानगी द्या, नाहीं तर गैरहजर' या धमकीस संमति म्हणतां येईल काय?

आमचें मागणें थोडें आहे. प्रवेशाच्या वेळीं राज्य व जिल्हा विचारा. बदल झाल्यास विद्यार्थी कळवील. परीक्षेच्या वेळीं ओळख कसून तपासा, आणि उत्तरपत्रिका त्याहून कसून तपासा. व्याख्यानाच्या वेळीं मात्र त्याच्या मागें फिरूं नका. आम्ही तीस वर्षें वर्गांत हजेरी घेतली आहे; बाकावर बसलेला विद्यार्थी मनानें कोठें आहे हें आम्हांस कधीं कळलें नाहीं. गल्ल्यामागें बसून ऐकणारा आमचा तरुण मात्र सर्वस्वीं हजर होता, आणि त्यालाच आपण गैरहजर ठरविलें.