नटराजाच्या बाजूने साक्ष कोण देणार?

निकालाचे दिवस आले की आपल्या घराघरांतून एकच चर्चा रंगते : संगणक की वैद्यक? गेल्या वर्षी परिचयातील एका कन्येने 'मला कलेतिहास शिकायचा आहे' असे सांगितले आणि घरात सुतकी शांतता पसरली. 'त्यात पुढे काय?' वडिलांनी विचारले. हेच गृहस्थ आदल्या रविवारी एका व्याख्यानमालेत 'पाश्चात्त्यांनी आमची संस्कृती विकृत करून मांडली' या वाक्यावर कडाडून टाळ्या वाजवून आले होते!

'पुढे काय' याचे एक उत्तर लंडनच्या न्यायालयात मिळाले आहे. तामिळनाडूतील पत्तूर गावी १९७६ साली एका मजुराला जमिनीत पुरलेला कांस्य नटराज सापडला. मूर्ती हातोहात विकली जाऊन लंडनला पोहोचली आणि एका कॅनेडियन कंपनीने ती विकत घेतली. खटला उभा राहिला. ही मूर्ती पत्तूरच्याच मंदिराची कशावरून, हा कळीचा प्रश्न होता. तेथे भक्ती पुरेशी नव्हती. घोषणांचा तर उपयोगच नव्हता. डॉ. आर. नागस्वामी साक्षीला उभे राहिले आणि त्याच ठिकाणी सापडलेल्या अन्य मूर्तींशी या नटराजाची शैली त्यांनी ताडून दाखविली. १९८८ मध्ये निकाल आपल्या बाजूने लागला, पुढे अपीलही फेटाळले गेले आणि १९९१ मध्ये नटराज मायदेशी परतले. एका अभ्यासकाचा आयुष्यभराचा व्यासंग देवाच्या कामी आला.

परकीयांच्या दृष्टीविषयी आपली तक्रार खोटी नाही. १८५७ साली मुंबईत कलाशाळा निघाली ती ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती विद्यार्थ्यांपुढे ठेवून. १९१० साली जॉर्ज बर्डवुड या विद्वानाने ध्यानस्थ बुद्धमूर्तीची तुलना उकडलेल्या पुडिंगशी केली. पण त्याचा प्रतिवाद कोणी केला? हॅवेल या इंग्रजाने. आनंद कुमारस्वामींनी अखेरची तीस वर्षे बोस्टनच्या संग्रहालयात काढली. हिंदू मंदिरावरील दोन खंडांचा ग्रंथ १९४६ साली कलकत्ता विद्यापीठाने प्रसिद्ध केला, तो स्टेला क्रॅमरिश या व्हिएन्नात शिकलेल्या विदुषीचा. आपल्या अजिंठ्यासाठी अमेरिकेच्या वॉल्टर स्पिंक यांनी उभा जन्म वेचला. त्यांचा कालनिर्णय कोणाला पटो वा न पटो, तो खोडायचा तर तितकीच वर्षे लेण्यांच्या अंधारात बसावे लागेल. वाकाटकांचे लेख वाचणारे महामहोपाध्याय मिराशी, मूर्तिशास्त्राचे डॉ. देगलूरकर ही आपली माणसे खरीच. पण ही नावे घेऊन आणखी किती दिवस मिरवायचे?

अभ्यास नसला की काय होते, हे आपल्याच गावात पाहावे. जीर्णोद्धाराच्या नावाखाली यादवकालीन मंदिराला भडक ऑइलपेंट फासला जातो, कोरीव शिल्पपट्टावर सिमेंट थापले जाते, वीरगळ पाराशी उपडे पडून राहतात. हे कोणी गझनीचा सरदार येऊन करीत नाही. विश्वस्त मंडळ ठराव करून करते, वर्गणी आपण देतो आणि उद्घाटनालाही आपणच जातो. त्या मंडळात मूर्तिशास्त्र शिकलेला एखादा तरुण असता, तर निदान हात धरायला कोणी असते.

आणि ती कन्या? बडोद्याच्या विद्यापीठात १९५० पासून ललितकला शाखा आहे, कलेतिहासाचे रीतसर शिक्षण तेथे मिळते, अशी सारी माहिती तिने स्वतःच काढली होती. अखेर तिला संगणक अभियांत्रिकीला घालण्यात आले. वडिलांनी पेढे वाटले, आम्हीही खाल्ले.