वाऱ्यावर खापर

थरच्या वाळवंटाबद्दल मराठीत कोणी लिहायला बसले की वारा हमखास ‘शिल्पकार’ होतो. अशाच एका प्रवासी विचारवंतांचा लेख नुकताच वाचनात आला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: थर हा आटलेल्या समुद्राचा तळ आहे, तिथली वाळू वाऱ्याने उपसली, तिच्या टेकड्या रचल्या, खडक कोरले, आणि आता तोच वारा हे वाळवंट अरवली ओलांडून दिल्लीच्या दारात नेऊन ठेवणार आहे, सबब दिसेल त्या टेकडीवर झाडे लावा. लेखासोबत सूर्यास्तातल्या उंटाचे छायाचित्रही आहे, त्यामुळे शास्त्रीय बाजू भक्कम झाली म्हणायची.

समुद्राचा मुद्दा दोन ओळींत निकालात काढू. जैसलमेरच्या जागी समुद्र होता हे खरे, पण ती गोष्ट डायनोसॉरच्या काळातली. त्याच्या गाळाचा केव्हाच खडक झाला. आजची वाळू काही लाख वर्षांतली आहे. मधली कोट्यवधी वर्षे लेखकमहाशयांनी कुठे ठेवली, ते उंटालाच ठाऊक.

खरा आक्षेप आहे तो ‘शिल्पकारा’वर. वाऱ्याची ताकद किती, हे आधी मोजावे आणि मग त्याला पदव्या द्याव्यात. वाऱ्याने वाळू कशी हलते याचे गणित राल्फ बॅगनॉल्ड या लिबियाच्या वाळवंटात हिंडलेल्या इंग्रज लष्करी अभियंत्याने 1941 साली ग्रंथरूपाने मांडले. कोरड्या वाळूचा कण हलवायला ताशी साधारण 20 किलोमीटरचा वारा लागतो. हललेला कण आकाशात झेपावत नाही. तो उडी मारतो, खाली पडतो, पडताना दुसऱ्या कणाला ढकलतो. यातली बहुतेक वाळू जमिनीपासून मीटरभराच्या आतच उड्या मारत पुढे सरकते. त्याहून बारीक धूळ तेवढी उंच चढते आणि शेकडो किलोमीटर जाते. गोटे आणि जाड खडे जागचे हलत नाहीत. म्हणजे वाऱ्याचे काम सुपाचे. तो पाखडतो. धान्य पिकवले कोणी, याचे उत्तर सुपाकडे मागू नये.

ते पिकवले पाण्याने. हिमालयाचे खडक बर्फाने भरडले, सिंधूने ते शेकडो किलोमीटर वाहून आणले आणि आपल्या मैदानात व मुखाशी टाकले. थरच्या वाळूतली खनिजे तपासली तर तिचा मोठा हिस्सा सिंधूच्या गाळाशी जुळतो. लुणी नदीने आणि घग्गरच्या कोरड्या पात्रांनी आपापली भर घातली. नद्यांनी हे भांडार भरले नसते, तर नैर्ऋत्येचा वारा कितीही घोंघावला असता तरी त्याच्या हाती उडवायला काय लागले असते?

बरे, टेकड्या तरी वाऱ्याने एकट्याने रचल्या का? पाठ्यपुस्तकात बारखाण असते: चंद्रकोरीसारखी टेकडी, शिंगे वाऱ्याच्या दिशेला पुढे आलेली. ती उघड्या, झाडोऱ्याविना पडलेल्या जमिनीवर होते. जैसलमेरकडे बारखाण आहेत. पण थरच्या फार मोठ्या भागात जी टेकडी दिसते तिची रचना नेमकी उलटी आहे. नाक पुढे गेलेले आणि दोन्ही बाहू मागे खिळलेले. बाहू खिळवले ते गवताने आणि झुडपांनी. वनस्पती नसेल तर हा आकार तयारच होत नाही. शिल्पकाराचे दोन्ही हात कोणीतरी धरून ठेवले होते, हे आपल्या लेखकाला दिसले नाही. त्या वेळी ते बहुधा सूर्यास्त टिपत असावेत.

टेकड्यांचे वयही विचारात घ्यायला हवे. वाळूच्या कणावर शेवटचे ऊन कधी पडले, हे आता प्रयोगशाळेत मोजता येते. डीडवान्याजवळच्या टेकडीचे थर या पद्धतीने तपासले तेव्हा ती लाखाहून अधिक वर्षांत, टप्प्याटप्प्याने, मध्ये विश्रांती घेत वाढली असे दिसले. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होते आणि हवा कोरडी होती, तरी टेकड्यांची वाढ मात्र मंदावलेली होती. मोसमी वारे दुबळे होते. ते पुन्हा जोर धरू लागले तेव्हा, पुढच्या काही हजार वर्षांत, वाळूने उचल खाल्ली. म्हणजे टेकडीला वारा लागतो, वाळूचा पुरवठा लागतो, आणि गवत अजून धरलेले नाही असा मधला काळही लागतो. तिन्ही जुळले तरच टेकडी.

खडक कोरण्याचे म्हणाल, तर भूछत्र खडकाचे चित्र शाळेत आपण सगळ्यांनीच काढले आहे. वाळूचा मारा तळाशी जास्त, म्हणून मान बारीक, इतके सोपे ते नाही. तळाशी ओल टिकते, क्षार दगडाच्या छिद्रांत स्फटिक होऊन कण सुटे करतात. वारा पुष्कळदा नुसता केर काढतो. इराणच्या लूत वाळवंटात वाऱ्याने मैलोन् मैल लांब कडे कोरले आहेत, हे मान्य. पण तिथेही त्याच्या वाट्याला मऊ जुना गाळ आला होता, आणि अधूनमधून कोसळणाऱ्या पावसाने हातभार लावलाच. वाळवंट म्हणजे वाळू हेही खरे नाही: सहाराचा जेमतेम पाव भाग वाळूचा आहे, बाकी खडक आणि खडे. आणि ऑगस्ट 2006 मध्ये बाडमेर जिल्ह्यातले कवास गाव बुडाले ते वाळूत नव्हे, पाण्यात. जमिनीखालच्या जिप्समच्या थराने ते पाणी मुरू दिले नाही.

आता दिल्ली. हा वाद जुनाच आहे. 1950 च्या दशकात वाळवंट दरवर्षी अर्धा मैल पुढे सरकते असे छापून आले, आणि तेव्हापासून ते लेखांतून सरकतेच आहे. त्या हिशेबाने आतापर्यंत ते साठेक किलोमीटर पुढे यायला हवे होते. एका परिसंवादात मी हे म्हणालो तेव्हा प्रतिपक्षाने दिल्लीतल्या मोटारींवर साचलेली धूळ पुराव्यादाखल सांगितली. धूळ उडते आणि वाळू उड्या मारते, हा फरक समजावून सांगेपर्यंत चहाची वेळ झाली. अरवलीच्या खिंडींत आणि पलीकडे वाळूच्या टेकड्या आहेत, पण त्या जुन्या आणि स्थिरावलेल्या आहेत. झाडे लावण्याबद्दल एवढेच सांगतो: राजस्थानात वेडी बाभूळही अशाच सद्भावनेने लावली गेली होती, आता ती आवरता आवरत नाही.

मग करायचे काय? थर हे जगातल्या सर्वांत दाट वस्तीच्या वाळवंटांपैकी एक आहे. तिथली वाळू आज जिथे नव्याने सुटते आहे, तिथे बहुतेक वेळा माणसाचा हात दिसतो. उंटाचा हलका नांगर पाऊस पडल्यावर वरवर फिरायचा. ट्रॅक्टरचा तव्यांचा नांगर ऐन वाऱ्याच्या दिवसांत, पावसाआधीच जमीन खोल उलटतो आणि झुडपांची मुळे उपटतो. फोग या झुडपाची मुळे जळणासाठी खणली जातात, सेवण गवताची कुरणे मोडली जातात. म्हणून स्थिर टेकडी नांगरू नये, गवत राखावे, गावाच्या ओरणाला, म्हणजे देवराईला, हात लावू नये. आणि वाळू सुटलीच असेल तिथे काटक्यांचे कुंपण चौकटी-चौकटींनी रोवून स्थानिक गवत पेरावे. एवढ्याने पुष्कळ साधते.

वारा हजारो वर्षांपूर्वी होता, उद्याही असेल. त्याच्यावर खटला चालवून काही वसूल होणार नाही. नांगर मात्र आपल्या हातात आहे, तेव्हा जबाब त्याचा घ्यावा.