नाव उरते, पण…



परदेशात बिऱ्हाड थाटले की पहिला प्रश्न येतो तो चुलीचा. मेक्सिकोतील प्वेब्ला शहराला लागून असलेल्या चोलुला गावी आम्ही नोकरीनिमित्त राहायला आलो, तेव्हा आमचेही तसेच झाले. आमच्या मोहल्ल्यात ना मशीद, ना हलाल गोश्तचे दुकान.

बाजारात फिरताना एक पाटी दिसली, 'ताकोस आराबेस', म्हणजे अरबी ताको. उभ्या सळईवर गोश्त फिरत होते, शेजारी नानसारखी रोटी शेकत होती. मुले हरखली. आम्ही आधी चौकशी केली. गोश्त डुकराचे होते! गेल्या शतकात पश्चिम आशियातून प्वेब्लात स्थायिक झालेल्या कुटुंबांनी आपल्याकडची ही पद्धत इथे आणली. काळाच्या ओघात मेंढीच्या गोश्ताची जागा डुकराने घेतली, नाव मात्र अरबीच राहिले.

तेव्हापासून आम्ही नाव सोडून आतला जिन्नस पाहू लागलो. इथे डुकराच्या चरबीला 'मांतेका' म्हणतात. शिजवून परतलेला राजमा, गव्हाच्या रोट्या, बेकरीतला गोड पाव यांत ती सर्रास असते. पुड्यावर 'मांतेका वेहेताल' असेल तर ती वनस्पतीची, 'मांतेका दे सेर्दो' असेल तर डुकराची. मुलांच्या आवडत्या जेलीतही 'ग्रेनेतिना' म्हणजे जिलेटिन असते, तेव्हा तेही पाहावे लागते. आता आमची धाकटी मुलगीच दुकानात पुडा उलटून वाचते.

अल्लाहची मेहरबानी अशी, की इथले रोजचे अन्न मक्याची रोटी हे आहे आणि तिच्यात मका, पाणी व चुना याखेरीज काही नसते. मका चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर भिजवतात आणि मग दळतात. त्याने साल सुटते, पीठ मळता येते आणि मक्यातले एक जीवनसत्त्व अंगी लागते. फक्त मक्यावर जगणाऱ्यांना होणारा पेलाग्रा नावाचा रोग त्यामुळे टळतो. ही युक्ती स्पॅनिश लोक येण्यापूर्वी हजारो वर्षे इथल्या बायकांच्या हाती होती. त्यांचा दगडी पाटा पाहिला की गावाकडच्या पाट्या-वरवंट्याची आठवण येते.

शेजारी एक म्हाताऱ्या बाई राहतात. आदराने त्यांना 'दोन्या' म्हणायचे. सणाला त्या तमाल करतात. मक्याचे पीठ चरबीत फेसून, कणसाच्या सालीत गुंडाळून वाफवतात. आम्ही का खात नाही ते त्यांनी एकदा विचारले, आम्ही सांगितले. पुढच्या सणाला त्यांनी आमच्यासाठी वेगळे पातेले चढवले, तेल घालून. "हलके झाले नाहीत," म्हणून त्या कुरकुरल्या. पण मुलांनी पातेले रिकामे केले.

भाषेनेही आम्हांला चकित केले. साखरेला 'आसुकार', तेलाला 'आसेइते', तांदळाला 'आरोस'. हे अरबीतले अस्-सुक्कर, अज्-जैत, अर्-रुज्ज. चिंचेला 'तामारिंदो', म्हणजे तमर-ए-हिंद, हिंदुस्थानची खजूर! आणि दोन्या दर दोन वाक्यांनी म्हणतात तो 'ओहाला'. म्हणजे 'तसे होवो'. त्याचे मूळ 'अल्लाहने इच्छिले तर' या अर्थाच्या अरबी बोलात आहे. स्पेनमध्ये इ.स. ७११ ते १४९२ मुस्लिमांची राज्ये होती. तिथली भाषा जहाजांतून इथवर आली. दोन्यांना हे सांगितले तेव्हा त्या खळखळून हसल्या.

गावातच एक जुने चर्च आहे, 'कापिया रेआल'. छतावर ४९ घुमट, आत खांबांच्या रांगाच रांगा. पाहणाऱ्याला कोर्दोबाच्या जामा मशिदीची आठवण व्हावी. पण तिथे अजान कधीच झालेली नाही. ख्रिस्ती पाद्र्यांनी ते इथल्या आदिवासींसाठी बांधले.

घरी, महाराष्ट्रात, नमाजला तोंड पश्चिमेकडे करायचो. इथे पश्चिमेला पोपोकातेपेत्ल हा धूर ओकणारा ज्वालामुखी उभा आहे आणि किब्ला ईशान्येकडे. पहिले काही दिवस मुले गोंधळायची. मग भिंतीवर खडूने बाण काढला.

रोटी राहिली, शब्द राहिले, घुमटही राहिले. त्यांच्या आत जे होते ते मात्र गेले. यात कोणा एकाचा दोष नाही. परक्या मुलखात एक पिढी 'चालवून घेऊ' म्हणते, दुसरीला कारण आठवत नाही, तिसरीजवळ फक्त नाव उरते. आपली मुले पुण्यात असोत, दुबईत असोत की मेक्सिकोत, त्यांना 'हे खाऊ नको' एवढेच सांगून भागणार नाही. का, तेही सांगायला हवे. आणि शेजाऱ्यालाही मोकळेपणाने सांगायला हवे. बहुतेक शेजारी वेगळे पातेले चढवायला तयार असतात, त्यांना कळले मात्र पाहिजे.