जांघ दुखते म्हणून एमआरआय काढावा काय?

मैदानावरून आलेला मुलगा जिना चढताना पाय ओढू लागला की घरात पहिला अंदाज निघतो तो लचक भरल्याचा. आई तेल गरम करते, वडील बाम आणतात, शेजारचे काका पाय चोळून देणाऱ्याचा पत्ता सांगतात. आठ दिवसांत बरे वाटते, मुलगा पुन्हा कबड्डीच्या मैदानात उतरतो आणि दुखणे पुन्हा त्याच जागी परत येते. असे दोन-तीन महिने गेल्यावर डॉक्टर चिठ्ठीवर ‘एमआरआय’ लिहून देतात. खासगी केंद्रात याला काही हजार रुपये लागतात. रोजंदारीवर चालणाऱ्या घराने ते उसने काढून भरावेत की थांबावे, याविषयी आज आम्ही वाचकांशी बोलणार आहोत.

जांघ म्हणजे मांडी जिथे ओटीपोटाला मिळते ती घडी. जागा वीतभर, पण तिथे गर्दी फार! मांडीच्या आतल्या बाजूचे स्नायू ओटीपोटाखालच्या मधल्या हाडाला येऊन चिकटतात. पोटाचे स्नायू वरून त्याच हाडावर उतरतात. खोलवर खुब्याचा सांधा असतो. यांपैकी काहीही बिघडले तरी माणूस बोट ठेवतो ते एकाच ठिकाणी. म्हणून या दुखण्याला डॉक्टरमंडळींनीही वेगवेगळी नावे देऊन ठेवली होती; एक ज्याला हर्निया म्हणे, त्यालाच दुसरा स्नायू फाटणे म्हणे. अखेर 2014 साली कतारमधील दोहा येथे 14 देशांतले 24 तज्ज्ञ बसले आणि त्यांनी खेळाडूंच्या जांघदुखीची वर्गवारी ठरवली. मांडीच्या आतल्या स्नायूंचे दुखणे, खुबा वाकवणाऱ्या स्नायूचे, जांघेच्या नळीच्या भागातले आणि मधल्या हाडाचे असे चार प्रकार त्यांनी मानले. खुब्याच्या सांध्याचे दुखणे वेगळे धरले आणि बाकीची कारणे निराळी ठेवली. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की हे चार प्रकार ओळखायचे ते डॉक्टरच्या हातांनी. कुठे दाबल्यावर दुखते, कोणत्या स्नायूने जोर लावल्यावर दुखते, यावरून ते ठरते.

जांघेच्या नळीच्या भागातल्या दुखण्याला क्रिकेटच्या बातम्यांमुळे ‘स्पोर्ट्स हर्निया’ हे नाव मिळाले आहे. आपल्या मुंबईच्या सूर्यकुमार यादवने 2024 च्या जानेवारीत आणि पुन्हा 2025 च्या जूनमध्ये यासाठी जर्मनीतील म्युनिक येथे शस्त्रक्रिया करून घेतली. हा नेहमीचा हर्निया नव्हे. यात आतडे बाहेर येत नाही, खोकल्यावर फुगवटा दिसत नाही. पोटाच्या खालच्या पडद्याला ताण बसून तो कमजोर झालेला असतो. पण सूर्यकुमारचे ऑपरेशन झाले म्हणून आपल्याही मुलाचे करावे लागेल, असे कुणी मनात धरू नये.

आता एमआरआय म्हणजे काय ते पाहू. एक्स-रेमध्ये किरण शरीरातून आरपार जातात आणि हाडाची सावली पडते. एमआरआयमध्ये असे किरण नसतात. ते यंत्र म्हणजे प्रचंड ताकदीचे लोहचुंबक असते. नेहमीच्या वापरातल्या 1.5 टेस्ला यंत्राची चुंबकशक्ती पृथ्वीच्या चुंबकशक्तीच्या सुमारे 30 हजार पट भरते. शरीरातल्या पाण्यात आणि चरबीत हायड्रोजन असतो. त्याचे कण या चुंबकात एका रांगेत येतात, रेडिओ लहरींनी त्यांना हलवले की ते उलट संदेश देतात आणि संगणक त्यावरून चित्र तयार करतो. अमेरिकेचे पॉल लॉटरबर आणि इंग्लंडचे पीटर मॅन्सफिल्ड यांना या शोधाबद्दल 2003 साली नोबेल पारितोषिक मिळाले. जिथे सूज, तिथे पाणी अधिक. आणि विशिष्ट पद्धतीने काढलेल्या चित्रात ते पाणी पांढरेशुभ्र उमटते. स्नायूची फाट, हाडाच्या आतली सूज, खुब्याच्या वाटीच्या कडेची फाटलेली कूर्चा, एक्स-रेत न दिसणारे हे सारे एमआरआयमध्ये दिसू शकते.

घोटाळा इथेच होतो. एमआरआयमध्ये जे दिसते ते सगळेच दुखत असते असे नाही. अमेरिकेत बर्फावरची हॉकी खेळणाऱ्या 39 खेळाडूंचे एमआरआय काढून त्याचे निष्कर्ष 2011 साली प्रसिद्ध करण्यात आले. त्यांपैकी एकालाही काही त्रास नव्हता. तरी 30 जणांच्या खुब्यात किंवा जांघेत काही ना काही बिघाड दिसला. म्हणजे शंभरी 77! खेळणाऱ्याच्या शरीरावर खेळाच्या खुणा उमटतातच. म्हणून नुसता रिपोर्ट वाचून ‘फाटले आहे, ऑपरेशन करा’ असे कुणी म्हणाले, तर आधी विचारावे, की डॉक्टरसाहेब, जिथे फाटलेले दिसते तिथेच हात लावल्यावर दुखते काय? तपासणी आणि चित्र यांचा मेळ बसला तरच त्या चित्राला अर्थ आहे, असे आमचे मत आहे.

कबड्डी-फुटबॉलच्या मुलांत सर्वांत अधिक आढळते ते मांडीच्या आतल्या स्नायूंचे दुखणे. मुलाला उताणे झोपवून, गुडघे वाकवून, दोन्ही गुडघ्यांमध्ये मूठ ठेवावी आणि ती दाबायला सांगावे. मांडीच्या आत, वर हाडाजवळ नेहमीचीच कळ आली तर संशय त्या स्नायूंवर जातो. त्याला पहिल्याच दिवशी एमआरआय लागत नाही, व्यायाम लागतो. डेन्मार्कमध्ये असे जुनाट दुखणे असलेल्या 68 खेळाडूंवर प्रयोग झाला आणि तो 1999 साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना मालिश, ताणण्याचे व्यायाम, लेझर व विजेचे शेक दिले. निम्म्यांकडून त्या स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम 8 ते 12 आठवडे करवून घेतला. शेवटपर्यंत टिकलेल्यांपैकी व्यायामवाल्या 29 जणांतले 23 जण वेदनेशिवाय मैदानात परतले. मालिश-शेकवाल्या 30 जणांतले फक्त 4. चोळून घेण्यावर पैसे घालवणाऱ्यांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा. सरकारी रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात असा व्यायाम शिकून घेता येतो. तो दोन-तीन महिने नेटाने केला पाहिजे, हीच अडचण!

मग एमआरआय फुकटचा खर्च म्हणायचा काय? मुळीच नाही. काही दुखण्यांत तो काढायला उशीर करणे महागात पडते.

पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली डोळ्यांसमोर आणा. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर धावायचे असते. एरवी न धावणारी पोरे भरती निघाली की एकदम पहाटे डांबरी रस्त्यावर, साध्या बुटांत, रोज मैलोनमैल धावू लागतात. हाडाला सावरायला वेळच मिळत नाही आणि मांडीच्या हाडाच्या मानेला केसासारखा बारीक तडा जातो. दुखते जांघेत. आधी धावण्याच्या शेवटी, मग सुरुवातीपासूनच, नंतर साधे चालताना आणि रात्री झोपेतही. एक्स-रे सुरुवातीचे काही आठवडे अगदी स्वच्छ येऊ शकतो आणि ‘काही नाही, धाव’ असे सांगितले जाते. असे धावताना तो तडा पुरता तुटला, तर स्क्रू घालण्याचे ऑपरेशन होते आणि विशीतच खुबा कायमचा अधू होण्याची भीती असते. एमआरआयमध्ये हा तडा फार लवकर दिसतो. तेव्हा पायावर भार दिल्यावर जांघेत कळ येत असेल, तर धावणे त्याच दिवशी बंद करावे, भार टाळावा आणि एमआरआयसाठी कर्ज काढावे लागले तरी काढावे. मुलींच्या आयांना आमचे विशेष सांगणे आहे. वजन उतरवण्यासाठी जेवण तोडलेल्या आणि पाळी अनियमित झालेल्या मुलींत असे तडे अधिक जातात. जांघेचे नाव काढायला मुलगी लाजते. तुम्हीच तिला जवळ बसवून विचारा.

दुसरे कारण आपल्या घरांना फार जवळचे आहे. विदर्भात आदिवासी आणि आपल्या बौद्ध समाजात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. या आजारात रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो. हाड आतून मरू लागते. सिकलसेलग्रस्त मुलगा खेळताना जांघ धरून बसला तर ‘खेळात लागले असेल’ म्हणून सोडून देऊ नये. इथेही एक्स-रेच्या आधी एमआरआय सांगतो. लवकर कळले तर सांधा वाचवण्याचे उपाय करून पाहता येतात. गोळा चेपल्यावर सांधा बदलण्यावाचून फारसे हाती राहत नाही. जिममध्ये कुणाच्या तरी सांगण्यावरून स्टिरॉइड घेणाऱ्यांनाही हा धोका आहे.

रात्रीचे दुखणे, बारीक ताप, उतरत जाणारे वजन असेल तर खुब्याच्या क्षयाचा विचार व्हावा लागतो. दहा-पंधरा वर्षांचे मूल लंगडू लागले, मग ते गुडघा दुखतो म्हणत असले तरी, खुब्याचा एक्स-रे तातडीने काढावा.

एमआरआय काढायचाच ठरला तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आधी चौकशी करावी. तिथे रांग लांब असते, पण दर कमी असतो. नुसता ‘एमआरआय’ असे मोघम लिहून घेऊ नये. कोणता खेळ, किती दिवसांचे दुखणे, नेमके कुठे दुखते, हे डॉक्टरकडून चिठ्ठीवर लिहून घ्यावे. कारण जांघेच्या मधल्या हाडासाठी आणि खुब्यासाठी चित्रे निराळ्या रीतीने घेतात. कंबरेचा एमआरआय काढून जांघेचे निदान होत नाही!

यंत्राच्या बोगद्यात अर्धा-पाऊण तास न हलता पडून राहायचे असते. ठोकल्यासारखा आवाज येतो, त्याला भिऊ नये. भ्यायचे ते लोखंडाला. 2018 च्या जानेवारीत मुंबईतल्या एका रुग्णालयात रुग्णाचा नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला. चुंबकाने सिलिंडरसकट त्याला ओढले आणि तो प्राणास मुकला. यंत्र नुसते उभे असले तरी चुंबक चालूच असतो. तेव्हा नाणी, किल्ल्या, सेफ्टीपिना, मोबाइल बाहेर ठेवावेत. हृदयात पेसमेकर असेल, हाडात पट्टी-रॉड असेल, तर आधी सांगावे. आणि वेल्डिंग, ग्राइंडिंग, लेथवर काम करणाऱ्या बांधवांनी, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, हे आठवून सांगावे. तो कण आत राहिला असेल तर चुंबकात हलून डोळा जाऊ शकतो. शंका असली तर डोळ्यांचा एक्स-रे आधी काढतात. काम संपल्यावर रिपोर्टासोबत फिल्म आणि सीडी मागून घ्यावी. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायची वेळ आली तर पुन्हा पैसे भरावे लागत नाहीत.